मेबरी-सानची चौकशी

निशी-कसाई, १७ नोव्हेंबर

चि. वरद,

आशीर्वाद आहेतच. किती, ते तुझं उत्तर बघून ठरवीन.

दोन वर्षांनी ताईला आठवण झाली म्हणजे काहीतरी काम असणार, असं तू बायकोला म्हणशील. म्हण. काम आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर मी तुला ब्लॉक करून ठेवलंय आणि ते उघडतात कसं हे फक्त तुझ्या भाचीला, माझ्या ओवीला ठाऊक. तिला विचारायचं तर कारण सांगावं लागेल. म्हणून ही ईमेल. पत्र समजून वाच, म्हणजे निदान उत्तरात अंगठा पाठवणार नाहीस.

मी अजून त्याच विद्यापीठात दुभाषी आहे. चिबाच्या बाजूला, गर्दीच्या उलट्या दिशेला, त्यामुळे सकाळी बसायला मिळतं. माझ्या कारकिर्दीतली ही सगळ्यात मोठी बढती. सध्या माझी नेमणूक अमेरिकन फुटबॉलच्या संघाकडे आहे. हो, तुझाच तो, लंबगोल चेंडूचा नि हेल्मेटांचा, ज्याच्यापायी आईच्या पंच्याहत्तरीला तू व्हिडिओ कॉलवर एक डोळा स्कोअरकडे ठेवून औक्षण बघितलंस. इथे जपानातल्या विद्यापीठांतही तो खेळतात, आणि तुमच्याइतक्याच गांभीर्याने खेळतात.

आमचे प्रशिक्षक रोलंड मेबरी. अमेरिकन, कृष्णवर्णीय, वयाने माझ्या बरोबरीचे, उंचीने दाराच्या. आधीचे मुख्य प्रशिक्षक आजारी पडले तेव्हा यांना हंगामी मुख्य प्रशिक्षक केलं. दोन मोसम झाले, संघ तळातून वर आला, पण तो 'हंगामी' काही पडत नाही. दुधाचा दातसुद्धा इतका चिवट नसतो. आणि गंमत बघ. विद्यापीठाच्या स्टेशनावर भिंतभर पोस्टर लागलंय: 'बदलाचं पाऊल! आमचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक!' 'हंगामी'सुद्धा आहे त्यात. खाली कोपऱ्यात, औषधाच्या बाटलीवर 'लहान मुलांपासून दूर ठेवा' लिहितात त्या आकारात.

डिसेंबरात ठरायचंय, कायम करायचं की नाही. ठरवणार कोण, तर माजी खेळाडूंची संघटना. संघ नावाला विद्यापीठाचा. चालवतात हे म्हातारे. अध्यक्ष कुरोइवा-सान, बांधकामवाले, चौऱ्याहत्तर वर्षांचे, आणि अजून तरुणपणच्या जखमेचा गुडघा पाहुण्यांना दाखवतात. परवा त्यांनी आणि त्यांचे सचिव मोरिता-सान यांनी मला चहाला बोलावलं. बोलले मोरिता-सान:

"अनघा-सान, आपले बंधू अमेरिकेत, मेबरी-सान आधी जिथे होते त्याच गावात राहतात, असं कळलं. काही विशेष नाही. माणूस म्हणून कसे आहेत, तिथून का निघाले, एवढंच."

वरद, मी कप हातात धरून बसले आणि मला समोर पोह्यांच्या बश्या दिसायला लागल्या. ही स्थळाची चौकशी होती रे! शंभर टक्के. त्या खोलीत फक्त मुलीची आत्या कमी होती, आणि ती जागा मला देत होते.

नाही म्हणता आलं असतं. पण मी नाही म्हटलं तर दुसऱ्या कुणाला विचारतील, आणि तो दुसरा कोण असेल कुणास ठाऊक. मेबरी-सानचं भलं व्हावं म्हणूनच विचारतेय.

एकच अट. तू स्वतः ज्याला भेटलास, ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, त्याचंच सांगणं लिही. दोन वर्षांपूर्वी तुमच्या गावच्या पार्थबद्दल "मुलगा तापट आहे असं ऐकतो" हे एक वाक्य तू लिहिलंस आणि ओवीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. मागाहून कळलं की त्याने तुमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत अध्यक्षांना महाप्रसादाच्या रांगेत उभं राहायला सांगितलं होतं. एवढाच तो ताप. ओवी तेव्हापासून ओसाकाला आहे. फोन केला की "दाइजोबु" म्हणते, म्हणजे ठीक आहे, आणि ठेवते.

तसं करू नकोस.

ताई


निशी-कसाई, २४ नोव्हेंबर

वरद,

उत्तर मिळालं. याच्यापेक्षा जास्त मजकूर इथे कचऱ्याच्या पिशवीवर असतो.

"कोच उत्तम. मुख्य कोचला मधेच काढलं तेव्हा उरलेले सामने यांनीच सांभाळले, बहुतेक जिंकले. मग बाहेरून दुसरा आणला. ॲटिट्यूड होता असं लोक म्हणतात." आणि खाली जोडलेले हात.

कोण लोक? त्यांना नाव, गाव, तोंड आहे की नाही? मी अट घातली होती. ती तू वाचलीस आणि तिच्या खालीच हे लिहिलंस. तुझी कमाल आहे.

आता मी काय करू ते सांग. कारण काल शेवटचा सामना झाला. आपण जिंकलो (बघ, 'आपण' म्हणायला लागले मी). मेबरी-सान पूर्ण वेळ मैदानाच्या कडेला हात मागे बांधून उभे होते, पावसाळ्यात बसची वाट बघणाऱ्या शिक्षकासारखे. आणि स्टँडमध्ये माझ्यामागे कुरोइवा-सान कुरकुरत होते: "या माणसात आग नाही. ओरडत नाही. आमच्या वेळी प्रशिक्षक ओरडले की आम्हाला रात्री झोप लागत नसे." हे ते कौतुकाने सांगत होते.

सामन्यानंतर सामान आवरताना मी मेबरी-सानना विचारलंच.

"तुम्ही ओरडत का नाही हो? यांना ते फार आवडतं."

ते टोपी काढून हसले. "अनघा, गोरा कोच ओरडला की त्याला तळमळ म्हणतात. माझ्या उंचीचा नि माझ्या रंगाचा माणूस एकदा ओरडला की त्याचा स्वभाव ठरतो. तिशीत असतानाच मी आवाज खाली ठेवला. आता तो वर येत नाही."

"तिथे तुम्हाला कायम का नाही केलं?" मी अगदी सहज विचारलं. म्हणजे सहज वाटेल असं.

"घर झाडून पुसून ठेवायला एखाद्याकडे किल्ली देतात ना? तशी दिली होती. मी झाडलं. मग भाडेकरू आला." चेंडूंची जाळी त्यांनी खांद्यावर घेतली. "मला वाटलं, जग बदलतंय तर जरा लांबून बदलत येईल. म्हणून इथे आलो."

आता हे आणि तुझा 'ॲटिट्यूड', दोन्ही शेजारी ठेवून बघ.

इथली आपली माणसंही काही कमी नाहीत. मागच्या रविवारी मेबरी-सान मला इडलीचं पीठ आणायला दुकानापर्यंत सोडायला आले, तर इथल्या मंडळाची सुनीता मला बाजूला घेऊन म्हणाली, "भला दिसतो गं, तसा." हा 'तसा' आपण किती प्रेमाने लावतो! आपल्याला इथल्या घरमालकाने परदेशी म्हणून फ्लॅट नाकारला की आपण मंडळाच्या ग्रुपवर समतेचे निबंध लिहितो, आणि निबंध संपला की 'तसा'.

मार्चमध्ये माझ्या कराराचंही नूतनीकरण असतं. त्या कागदावरही शेवटी कुरोइवा-सानच मान हलवतात. त्याचा याच्याशी संबंध नाही. आपलं सांगितलं.

ते लोक कोण, लगेच कळव.

ताई


निशी-कसाई, २८ नोव्हेंबर

वरद,

एक गोष्ट झाली आहे. ओरडू नकोस.

मंगळवारी ट्रेनमध्ये मोरिता-सान भेटले. शेजारची जागा रिकामी होती, तिथे येऊन बसले. हवापाणी झालं, नंतर हळूच, "बंधूंचं काही उत्तर?"

तू म्हणशील, गप्प बसायचं. अरे, चौकशीत गप्प बसणं म्हणजे काय असतं ते तुला मी सांगू? माधवमामाने शांतामावशीच्या स्थळाबद्दल नुसता उसासा टाकला होता, तर लोकांनी त्या मुलाला क्षयापासून दुसऱ्या बायकोपर्यंत सगळं चिकटवलं. गप्प बसले असते तर मेबरी-सान तिथून तुरुंगातून सुटून आले असंच ठरलं असतं. म्हणून मी म्हटलं, "सगळं उत्तमच आहे. कुणी कुणी थोडे ताठ आहेत म्हणतात, पण माझ्या भावाने ते नुसतं ऐकलंय, बघितलेलं नाही."

शब्दाला शब्द एवढंच. शेपटासकट. "नुसतं ऐकलंय" हे मी दोनदा म्हटलं. मोरिता-सान "नारुहोदो" म्हणाले, म्हणजे "अस्सं", आणि पुढच्या स्टेशनवर उतरले.

आज बैठकीची विषयपत्रिका भाषांतराला माझ्याच टेबलावर आली. तिसरा मुद्दा: "मेबरी यांच्या पूर्वीच्या नोकरीतील वादाबाबत."

वाद! कुठला वाद? ताठपणाचं शेपूट ट्रेनमध्येच राहिलं आणि डोकं एकटं कचेरीत पोचलं. आणि आता कुणालाच अडचण वाटत नाही की गेल्या आठवड्यात याच माणसात आग नव्हती. तो थंडही आहे आणि तापटही आहे. एकाच फाइलमध्ये दोन्ही मावतात.

बैठक आठ तारखेला. तो मुद्दा मेबरी-सानना इंग्रजीतून समजावून सांगणार मी.

मला नाव हवंय, वरद. ज्याने बघितलं त्याचं. तुझ्या मित्रांना फोन करू नकोस. गाडी काढ आणि जा.

घरी नरेंद्रला अजून सांगितलेलं नाही. दोन दिवस भाजीत मीठ दोनदा पडतंय, त्यावरून त्याला काय कळायचं ते कळेल.

ताई


निशी-कसाई, ४ डिसेंबर

वरद,

तुझं लांबलचक पत्र आलं. तू इतकं लिहू शकतोस हे आईला कळायला हवं होतं.

मी पुन्हा एकदा लिहून बघते, म्हणजे माझ्याही डोक्यात नीट बसेल. तुला सांगितलं मंडळाच्या लक्ष्मीकांतकाकांनी. काकांना सांगितलं स्टेडियमवर शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्या गृहस्थाने. त्या गृहस्थाला कुणी सांगितलं ते त्याला आठवत नाही, पण "सगळ्यांनाच माहीत होतं". मग तू खरंच गाडी काढलीस आणि तेव्हा प्रशिक्षकाच्या निवड समितीवर असलेल्या त्या निवृत्त प्राध्यापिका हॉलिसबाईंच्या दारात जाऊन उभा राहिलास. न कळवता! ताईसाठी नाही, त्या 'ऐकतो'साठी गेलास, हे मला कळतं.

आणि त्या बाई म्हणाल्या ते असं. मेबरींना बोलावून सांगितलं की पद दुसऱ्याला दिलंय. त्यांनी विचारलं, "माझ्यात काय कमी पडलं?" कुणी काही बोललं नाही. त्यांनी तोच प्रश्न, त्याच आवाजात, पुन्हा विचारला. ते बाहेर गेल्यावर टेबलावरचं कुणीतरी म्हणालं, "पाहिलात ना ॲटिट्यूड?" आणि बाई तुला म्हणाल्या, "मीही मान हलवली. मला घरी जायचं होतं."

एवढंच? एका प्रश्नाचा हा संसार? प्रश्न दोनदा विचारला, कारण पहिल्यांदा उत्तर आलं नाही!

मला वाटलं होतं, हे कळलं की जीव भांड्यात पडेल. उलटंच झालंय. आता मला खरं माहीत आहे आणि ते सांगायला जागाच नाही. दुभाषीला त्या खोलीत तोंड असतं, मत नसतं. शेवटी नरेंद्रला सगळं सांगितलं. त्याने चष्मा पुसला. तो चष्मा पुसायला लागला की मला धडकी भरते.

"तुझं नाव कुणी घेणार नाही, अनघा. मोरिता सभ्य माणूस आहे. तू फक्त भाषांतर कर. मार्च जवळ आलाय."

"आणि मेबरींचं?"

"ते मोठे आहेत. अशा गोष्टींची त्यांना सवय असेल."

सवय! हे वाक्य कानाला इतकं समजूतदार लागलं की मी जवळजवळ हो म्हणणार होते. खरं सांगू? बराच वेळ मी मनातल्या मनात होच म्हणत बसले होते.

पार्थकडेही तू जाऊन आलास, हे शेवटच्या ओळीत लिहिलंयस. का शेवटी? आणि तो काय म्हणाला ते लिहिलंच नाहीस. भेकड कुठला.

ताई


निशी-कसाई, ९ डिसेंबर

वरद,

काल बैठक झाली. क्रमाने सांगते.

लांब टेबल. एका बाजूला सगळे म्हातारे, समोर मेबरी-सान, आणि टोकाला मी, चहाच्या ट्रेशेजारी. पहिले दोन मुद्दे जर्सीचा रंग आणि नवी बस यावर खर्च झाले; बसवर खूप भावना होत्या. मग कुरोइवा-सान घसा साफ करून म्हणाले, "मेबरी-सानच्या कामाबद्दल आदर आहे. परंतु काही गोष्टी कानावर आल्या आहेत. तेव्हा आणखी एक वर्ष हंगामी राहावं आणि आपण सर्वांनी मिळून बघावं."

मी इंग्रजीत सांगितलं. शब्दाला शब्द.

मेबरी-सान जरा पुढे झुकले. आवाज नेहमीचाच, खालचा.

"कोणत्या गोष्टी? कुणी सांगितल्या?"

मी जपानीत सांगितलं. मोरिता-सान चहात बघत होते. माझ्याकडे कुणीच बघितलं नाही, इतक्या सभ्यपणे बघितलं नाही की माझी मान तापली. एकाने बिस्किटाचा कागद उघडला आणि आवाज झाला म्हणून पुन्हा मिटला.

"कोणत्या गोष्टी? कुणी सांगितल्या?" मेबरी-सान म्हणाले. तेच शब्द. तोच आवाज.

वरद, ही दुसरी वेळ होती. मला तुझ्या पत्रातलं ते दुसरं टेबल दिसलं आणि त्याभोवती बसून माना हलवणारी माणसं. त्यात एक खुर्ची माझी होती.

प्रश्नाचं जपानी करायच्या ऐवजी मी उभी राहिले. "मी सांगितल्या," असं जपानीत म्हटलं. "संघटनेने मला चौकशी करायला सांगितलं. मी भावाला विचारलं. भावाने ऐकलेलं सांगितलं. ज्याच्याकडून ऐकलं त्यानेही बघितलेलं नव्हतं. आता भाऊ त्या निवड समितीतल्या एका बाईंना भेटून आलाय. वाद झालाच नव्हता. पद का दिलं नाही, एवढं यांनी विचारलं होतं. दोनदा. आत्ता विचारलं तसंच."

आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, ज्यांच्याबद्दल मी हे बोलले त्यांना यातलं अक्षर कळलेलं नाही. ते माझ्याकडे बघत होते, मी भाषांतर करीन म्हणून.

मग मी केलं. आमच्या कामात स्वतःबद्दल बोलायचं तर 'दुभाषी' म्हणायचं असतं, तोच नियम. "दुभाषी म्हणते," मी इंग्रजीत सुरुवात केली, "की त्या गोष्टी दुभाषीने पसरवल्या." आणि सगळं सांगितलं. चहा, ट्रेन, तू, हॉलिसबाई.

मेबरी-सानच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही. मला वाटलं होतं, रागावतील तर बरं. मग ते म्हणाले, "दुभाषीला विचारा, मला का नाही विचारलं?"

आता म्हातारे माझ्याकडे बघायला लागले. काय म्हणाले हे? मी जपानीत सांगितलं: मेबरी-सान दुभाषीला विचारताहेत, त्यांनाच का नाही विचारलं. आणि मग दोन्ही बाजू उत्तरासाठी थांबल्या. टेबलाच्या दोन्हीकडून. भाषांतर करायला आता काही उरलंच नव्हतं.

"सुचलं नाही," मी म्हटलं. दोन्ही भाषांत.

हे खरं आहे, वरद. चौकशी माणसाबद्दल करतात, माणसाकडे नाही. हे आपल्याला इतकं लहानपणापासून येतं की दुसरा रस्ता आहे हेच दिसत नाही.

कुरोइवा-सान म्हणाले, "आज हा विषय घरी घेऊन जाऊ." इथे असं म्हणतात. घरी जाऊन त्याचं काय करतात ते कुणाला माहीत नाही.

मोरिता-सान दारात मला एवढंच म्हणाले, "अनघा-सान, त्याची गरज नव्हती." दुःखाने म्हणाले.

निकाल वीस तारखेपर्यंत. नरेंद्र रोज मऊभात करतोय आणि मार्चचं नाव काढत नाही.

ताई


निशी-कसाई, २० डिसेंबर

चि. वरद,

मेबरी-सान मुख्य प्रशिक्षक झाले. 'हंगामी' पडला.

उड्या मारू नकोस. करार एकाच वर्षाचा आहे, आणि काल सकाळी स्टेशनावर नवं पोस्टर लावायला माणसं आली होती. तोच फोटो, अक्षरं आणखी मोठी. कुरोइवा-सान आता जो भेटेल त्याला सांगताहेत की या माणसात आग आहे हे त्यांनी पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं. प्रगती अशीच होत असावी: आधी विरोध करायचा, मग ती आपलीच होती म्हणायचं. असू दे. कोपऱ्यातलं ते बारीक अक्षर गेलं, हे मी चष्मा लावून जवळ जाऊन बघितलं.

सह्यांच्या वेळी मी होतेच. सह्या करण्यापूर्वी मेबरी-सान म्हणाले, "माझी एक अट आहे." कुरोइवा-साननी मान हलवली. मेबरी-सान माझ्याकडे बघून, सावकाश, एकेक शब्द मला घेता येईल असा बोलले: "मला दुसरा दुभाषी हवा."

वरद, एवढ्या वर्षांत मी किती जणांची किती वाक्यं गोड करून दिलीत! 'मूर्खपणा'चं 'आश्चर्य' केलंय, 'नाही'चं 'कदाचित'. हे वाक्यही मऊ करायला अगदी सोपं होतं. 'कामाचा व्याप बघता आणखी एक व्यक्ती मदतीला मिळावी', असं काहीतरी. कुणाला कळलं नसतं.

"मेबरी-सानची अट आहे," मी जपानीत म्हटलं, "की दुभाषी बदलावी." तेवढंच. वर खाली काही नाही.

नंतर जिन्यात ते माझ्यासाठी थांबले होते.

"त्या दिवशी तू उभी राहिलीस ते मी बघितलं," ते म्हणाले. "विसरणार नाही. पण माझ्या तोंडातले शब्द ज्याच्या हातात द्यायचे, तो मागे चौकशी करणारा नको."

"बरोबर आहे," मी म्हटलं. खरंच बरोबर आहे. बरोबर असलेल्या गोष्टीने इतकं दुखू नये असा काही नियम नाही, हे मला या वयात कळलं. मग त्यांनी हात पुढे केला, मी सवयीने कमरेत वाकले, आणि आमचं दोघांचं काही जमलंच नाही. हसू आलं दोघांनाही. थोडंसं.

माझा करार आता वाढणार नाही, मार्चनंतर मी मोकळी. नरेंद्रला सांगितलं तर तो म्हणाला, "चांगलं झालं," आणि चष्मा पुसला.

आता तुझं. पार्थ काय म्हणाला ते शेवटी कळवलंस. त्याने तुला चहा दिला आणि विचारलं, "काका, तेव्हा मलाच का नाही विचारलंत?" तू ऐकून चकित झाला असशील, पण मी नाही झाले. आता हे ओवीला सांगावं असं तू म्हणतोस, आणि माझ्यामार्फत. नाही. तिचा नंबर सोबत वेगळा पाठवतेय. शनिवारी दुपारी ती घरी असते. "दाइजोबु" म्हणाली तर ठेवू नकोस, थांब, ती पुढचं बोलते की नाही ते बघ. मराठीत बोल, जपानीत उत्तर आलं आणि कळलं नाही तर तिलाच विचार. मी मधे असणार नाही.

आणि मंडळात कुणी विचारलं, ताई कशी आहे, नोकरी गेली म्हणे, काय झालं नक्की, तर "असं ऐकतो" म्हणून काही सांगू नकोस. मार्चच्या शेवटी इथे साकुरा, म्हणजे चेरीचा बहर फुलतो, आमच्या घरात एक खोली रिकामी आहे, आणि मला आता सवड आहे.

येऊन बघ.

आशीर्वाद, सगळेच्या सगळे,

ताई